बायकोचा अर्ज, एका पानात

दौंडात आमच्या भागात कुणाच्या दारातली गटार तुंबली, की लोक आधी नवनाथराव रणपिसे यांच्याकडे जात आणि मग गटारीकडे बघत. कारण गटार साफ करणं कुणालाही जमतं. गटारीबद्दल अर्ज लिहिणं नवनाथरावांनाच जमत असे. एका पतसंस्थेत ते वरिष्ठ लिपिक होते. रस्त्यावरचा दिवा, रेशनची साखर, शेजाऱ्याचा कोंबडा अशा कुठल्याही विषयावर ते बसल्या बैठकीला दोन पानी मसुदा काढून देत. त्यांच्या अर्जांना सहसा उत्तर येत नसे, हे खरं. पण ‘उत्तर द्यायला त्यांच्याकडे काही उरलेलंच नसतं,’ असा नवनाथरावांचा खुलासा होता, आणि तो खोडून काढणारा माणूस दौंडात नव्हता.

अशा माणसाच्या बायकोला नोकरीचा अर्ज करायची वेळ आली, म्हणजे वास्तविक काळजीचं कारण नव्हतं. सगळी काळजी तिथूनच सुरू झाली.

गोष्ट दोन हजार तीन सालची. मायाबाई स्टेशनच्या रस्त्यावर बाळासोच्या एसटीडी बूथवर बसत. सात-आठ वर्षं बसत होत्या. त्या साली मोबाइलचं इनकमिंग फुकट झालं आणि बूथवरची रांग एकदम आटली. ‘दिवाळीनंतर इथं ज्यूस सेंटर टाकतो,’ असं बाळासोनं सांगून टाकलं. काचेच्या ज्या खोलीत लोक कोंडून घेऊन बोलत, तिथं आता मिक्सर बसणार होता. मायाबाई घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, “मी घरात बसणार न्हाई बरं का. मला माणसांत बसायची सवय लागलीय.” मुलगी अपेक्षा पुढच्या वर्षी डिप्लोमाला जाणार होती, तेही होतंच. पण त्यांनी आधी हे सांगितलं.

त्याच आठवड्यात पेपरात जाहिरात आली. कुरकुंभच्या एका औषध कंपनीला रिसेप्शनवर बसून टेलिफोन सांभाळणारी बाई पाहिजे होती. बारावी पास, मराठी-हिंदी बोलणारी. शेवटची ओळ अशी होती : ‘आपण या जागेसाठी योग्य का आहात, ते स्वतःच्या शब्दांत एका पानात लिहून अर्जासोबत द्यावे.’

“लिहिते की मी,” मायाबाई म्हणाल्या. “एकच तर पान हाय.”

नवनाथराव हसले. रोग्यानं स्वतःचं पोट स्वतःच फाडतो म्हटल्यावर डॉक्टर हसेल, तसं.

“शब्द तुझेच असणार गं,” ते म्हणाले. “पण ते बसवायला माणूस नको का?”

आणि त्यांनी ते बसवायला घेतले. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सुरुवात करून पहिल्या पानावर त्यांनी मानवी जीवनातलं दूरध्वनीचं महत्त्व सांगितलं. दुसऱ्या पानावर दौंड तालुक्यातला दूरध्वनीचा प्रसार आला. तिसऱ्यावर अर्जदाराच्या पतीची निष्कलंक सेवा आली. मायाबाईंनी चारही पानं उलटून पाहिली.

“ह्यात मी कुठं हाय?”

“येतेस ना. चौथ्या पानाच्या शेवटी येतेस. आधी पार्श्वभूमी नको?”

वरच्या मजल्यावर मारुतराव राहत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. त्यांना मसुदा आवडला, पण पटला नाही. “रणपिसे, यात इंग्रजी कुठाय? नोकरी कधी मराठीत मागतात का?” असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं शेवटी एक वाक्य घातलं : ‘आय हॅव द ऑनर टु बी, सर, युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट.’ चाळीस वर्षं त्यांनी सगळे अर्ज याच वाक्यावर संपवले होते. शेजारचा रविराज कुरकुंभलाच दुसऱ्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. तो म्हणाला, “आबा, तिथं सर नाहीत. पर्सोनेलला मॅडम आहेत.”

मारुतरावांनी जरा विचार केला. “मग सर खोडून मॅडम करा. सर्व्हंट राहू द्या तसाच.”

हा रविराज म्हणजे आमच्याकडचा कंपनीतल्या रीतीभातींचा जाणकार. त्यानं नवीनच गोष्ट सांगितली. “काका, आता सगळीकडं वीकनेस विचारतात.”

“अशक्तपणा?”

“तसं नाही. आपल्यात कमी काय आहे ते. पण ते असं लिहायचं, की वाचणाऱ्याला ते चांगलं वाटलं पाहिजे.”

मग त्या संध्याकाळी नवनाथरावांच्या पुढच्या खोलीत मायाबाईंची एखादी चांगली कमतरता शोधायला बैठक बसली. तळमजल्यावरच्या साखरबाई सुपारी कातरायला म्हणून आल्या होत्या, त्यांनी सुरुवात केली. “उसनी नेल्याली वाटी ती दुसऱ्याच दिशी मागती. इसरतच न्हाई.” मारुतरावांनी ती कमतरता ‘हिशेबाची शिस्त’ या सदराखाली मंजूर केली. मग नवनाथरावांना सुचायला लागलं. चहा सांगितला की लगेच ठेवत नाही. पेपर घडी न करता टाकते. पाहुण्यांसमोर खरं बोलते. माहेरचं नाव निघालं की आवाज बदलतो. लग्नाला सतरा वर्षं झालेल्या माणसाला या विषयात मदत लागत नाही. ते रंगात आले, रविराज कागदावर उतरवून घेत होता, आणि मायाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“किती झाल्या?” त्यांनी विचारलं.

“पाच झाल्या काकू,” रविराज प्रामाणिकपणे म्हणाला.

“त्यातल्या ह्यांच्या किती?”

“चार.”

त्या संध्याकाळी कुणालाच चहा मिळाला नाही. म्हणजे यादीतली एक कमतरता जागच्या जागी सिद्ध झाली. पण हे बोलून दाखवण्याइतके नवनाथराव भोळे नव्हते.

पुढचं काम अनुभवाच्या दाखल्याचं. ते फार सोपं असणार, असं सगळ्यांनाच वाटलं होतं. बाळासो माणूस चांगला. पण कागदावर सही करायची म्हटलं की त्याला घाम फुटे. ‘माझ्याकडं नोकरीला होत्या’ असं लिहून दिलं, तर उद्या कुणी इन्स्पेक्टर येऊन नोकरांचं रजिस्टर मागेल, ही त्याची भीती. नवनाथरावांनी तासभर कायदा समजावून सांगितला. त्यामुळे त्याला पूर्वी माहीत नसलेल्या आणखी तीन गोष्टींची भीती वाटायला लागली. शेवटी त्यानं आपल्या मनानं दाखला लिहून दिला : ‘सौ. माया रणपिसे या आमच्या बूथवर रोज सकाळी येत असत व संध्याकाळी जात असत. वागणूक चांगली. कधीही भांडण केले नाही.’

“अरे, हे गिऱ्हाइकाचं वर्णन झालं,” नवनाथराव म्हणाले.

“गिऱ्हाईक तर गिऱ्हाईक. भाऊ, ह्याच्या पुढं मी एक अक्षर लिहिणार नाही.”

तोच दाखला फाइलला लागला. खरा घोटाळा पुढंच होता. मारुतराव फाइल तपासायला बसले आणि पाचव्या मिनिटाला त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“रणपिसे, ही चांगुणा सखाराम ओव्हाळ कोण?”

“हीच. लग्नाआधीची.”

“कागदावर तसं कुठाय? कागदावर बारावी झालेली बाई चांगुणा ओव्हाळ आहे आणि बूथवर येणारी-जाणारी बाई माया रणपिसे आहे. एकीकडे शिक्षण आहे, दुसरीकडे अनुभव. कंपनीला जागा एकच भरायचीय.”

‘माया’ हे नाव नवनाथरावांनीच ठेवलं होतं. चांगुणा त्यांना जुनाट वाटलं होतं. त्या वेळी आठवडाभर खपून त्यांनी ते निवडलं होतं, आणि लग्नात ते जाहीर करताना त्यांना फार अभिमान वाटला होता. पण लग्नाची नोंदणी करायची मात्र राहून गेली होती. आता प्रतिज्ञापत्र पाहिजे, आणि दोन्ही नावांनिशी तिला ओळखणारा माहेरचा कुणी वडीलधारा साक्षीला पाहिजे, असं निघालं. मायाबाईंचे वडील हयात नव्हते. राहिले न्हावऱ्याचे गेणबा मामा.

रजा टाकून नवनाथराव आणि मायाबाई चौफुल्याला गाडी बदलून न्हावऱ्याला गेले. गेणबा मामा कांद्याच्या वाफ्यात होते. जयभीम झाला, चहा झाला, काम सांगून झालं. मामांनी धुतलेला पटका काढला, पायात चपला घातल्या आणि विचारलं, “शिरूरला जायाचं म्हंजी यष्टीनंच ना?” मामा तयार आहेत असं नवनाथरावांनी धरलं. ते फक्त यष्टीला तयार होते.

शिरूरला वकिलाच्या टेबलापाशी तिघं बसले. वकिलानं टायपिस्टला थांबवून रीतसर विचारलं, “आबा, या माया नवनाथ रणपिसे. यांना तुम्ही ओळखता?”

“न्हाई.”

वकील नवनाथरावांकडे बघायला लागला.

“मामा, असं काय करता?” नवनाथराव म्हणाले. “ही तुमची भाची.”

“व्हय. ही चांगुणा हाय, माझ्या बहिणीची लेक. तिला मी वळखतो. माया कोण, मला ठावं न्हाई.”

“अहो, लग्नात तुमच्यासमोरच नाव बदललं.”

“मी तवा पंगतीत वाढत व्हतो.” मामांनी पटका सारखा केला. “ह्ये शपथंवर लिवायचं हाय ना? मग मी जे पाह्यलं न्हाई, ते कसं लिवू? आन् जावाईबापू, नाव बदललं तवा आमाला इचारलं व्हतं का?”

टायपिस्ट यंत्रावर बोटं ठेवून थांबला होता. आजूबाजूच्या टेबलांवरचे दोन पक्षकार आपली भांडणं सोडून इकडे ऐकायला लागले. मायाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि त्या आपल्या बाजूनं हसतायत की मामांच्या, हे नवनाथरावांना कळेना.

मग मामाच भाचीकडे वळले. “चांगुणे, तुला तिकडं माया म्हणत्यात?”

“म्हणत्यात मामा.”

“आन् त्यांनी हाक मारली, की तू वळून बघती?”

“बघते.”

मामा थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. “बरी नांदतीस म्हंजी,” ते म्हणाले आणि वकिलाला म्हणाले, “लिवा मग.”

अशा रीतीनं ‘चांगुणा हिला सासरी माया म्हणतात व ती त्या नावास ओ देते’ असं प्रतिज्ञापत्र शिरूरला तयार झालं. वकील म्हणाला, आजवर असं वाक्य टाइप केलेलं नाही, पण कायद्यानं अडत नाही.

अर्ज द्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी दोघं कुरकुंभला पोचले. नवनाथरावांच्या काखेत सोळा पानांची फाइल होती. कंपनीच्या गेटवर बिहारकडचा एक वॉचमन टेबल मांडून अर्ज घेत होता. त्यानं फाइल हातावर तोलून पाहिली.

“ये तो किताब है, साहब.”

“पूरी माहिती है,” नवनाथराव म्हणाले. “पार्श्वभूमी के साथ.”

“फारम दीजिए, सर्टिफिकेट दीजिए, और लिखा हुआ एक पन्ना. मॅडम ने एक ही बोला है. पाँच बजे टेबल उठ जाएगा.”

नवनाथरावांनी हुज्जत घालून पाहिली. वॉचमननं अदबीनं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा ‘एक पन्ना’ म्हणाला. तेव्हा गेटच्या बाकावर बसून ते पान निवडायला लागले. पहिलं पान उत्तम होतं, पण त्यात माया नव्हती. चौथ्यावर माया होती, पण तिचं वाक्य तिसऱ्या पानावर सुरू होत होतं. शेवटच्या पानावर फक्त कमतरता होत्या, आणि त्यांच्याखाली मारुतरावांचा सर्व्हंट. पानं गुडघ्यावर पसरून ते बसले होते. अशा अवस्थेत त्यांना पतसंस्थेतल्या कुणी पाहिलं नाही, एवढंच समाधान.

“एक कोरा कागद द्या,” मायाबाई म्हणाल्या.

कोरा फुलस्केप नवनाथरावांजवळ कायम असायचाच. त्यांनी दिला. मायाबाईंनी तीच फाइल मांडीवर घेतली, तिच्यावर कागद ठेवला आणि लिहायला लागल्या. मधे एकदाच थांबून त्यांनी रस्त्यावरच्या ट्रककडे पाहिलं. नवनाथराव मान वाकडी करून वाचत होते.

‘मी टेलिफोन बूथवर बसते. फोन करायला येणारा माणूस घाईत असतो नाहीतर घाबरलेला असतो. दोघांशीही हळू बोलावे लागते. बाहेरगावची कामगार मुले रविवारी घरी फोन लावतात. त्यांच्या गावातला फोन दुकानात असतो, घरचे माणूस बोलावून आणेपर्यंत लाईन तुटते. मी पुन्हा लावून देते, त्रासत नाही. कुणाला वाईट बातमी कळली तर आधी पाणी देते, बिलाचे नंतर बघते. बूथवर ऐकलेले मी घरी सांगत नाही. मला हे काम आवडते म्हणून मला ही नोकरी पाहिजे. कमतरता : इंग्रजी समजते पण बोलताना अडखळते. शिकवले तर शिकेन.’

नवनाथरावांच्या हाताला सवयीनं कंड सुटली होती. विषय नाही, संदर्भ नाही, आपला विश्वासू नाही. पण बूथवर ऐकलेलं घरी सांगत नाही, या ओळीशी ते थबकले. इतक्या वर्षांत जेवताना त्यांनी कितीदा तरी विचारलं होतं, ‘आज बूथवर काय विशेष?’ आणि ती म्हणायची, ‘काही न्हाई, लोक येतात, बोलतात, जातात.’ आपल्या बायकोचं काम म्हणजे नुसतं बसणं, अशी त्यांची समजूत होती.

“बघू,” म्हणून त्यांनी कागद घेतला, पेन काढलं, सगळं पुन्हा एकदा वाचलं आणि ‘लाईन’मधला ला दीर्घ असला तरी ई ऱ्हस्व पाहिजे, अशी शंका काढली. मायाबाई नुसत्या बघत राहिल्या. नवनाथरावांनी पेन खिशाला लावलं आणि कागद वॉचमनच्या हातात दिला. उरलेली पानं घेऊन ते घरी आले, आणि वाटेत कासुर्डीच्या कुणा ओळखीच्या माणसानं ‘काय साहेब, कसली फाइल?’ विचारलं तर ‘ऑफिसची’ म्हणाले.

दोन-तीन आठवड्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. नवनाथराव सोबत गेले, पण गेटच्या आत सोबतीला प्रवेश नव्हता. समोरच्या टपरीवर ते बसले. एक चहा झाला, दुसरा झाला. बऱ्याच बायका आत गेल्या होत्या, त्यातल्या काही बाहेरही आल्या. त्यांच्या तोंडावरून काहीच कळत नव्हतं. टपरीच्या खांबाला एक रुपया टाकून बोलायचा फोन लावलेला होता.

“एवढी घालमेल होतीय तर फोन करून इचारा की,” टपरीवाला म्हणाला.

जाहिरातीचं कात्रण खिशात होतं. नवनाथरावांनी घसा साफ केला आणि रुपया टाकला.

“नमस्कार. बोला साहेब,” पलीकडून एका बाईचा आवाज आला. शांत, स्वच्छ, जरा नाजूक.

“नमस्कार. मी नवनाथ रणपिसे, वरिष्ठ लिपिक, मुक्काम दौंड. विषय असा आहे, की आपल्या जाहिरातीस अनुसरून माझ्या पत्नीने जो अर्ज सादर केलेला होता, त्या अर्जाच्या अनुषंगाने आज जी मुलाखत...”

“मुलाखत झाली का, ते विचारायचंय ना?”

“हो, पण त्याची पार्श्वभूमी जरा...”

“आपण कुठून बोलताय, साहेब?”

“समोरच्या टपरीवरून. सकाळपासून इथंच आहे.”

“मग उन्हातच असाल. मुलाखती अजून चालू आहेत. संपल्या की उमेदवार त्याच गेटनं बाहेर येतील. तोवर सावलीला बसा. त्यांना काही निरोप आहे का?”

नवनाथरावांची पार्श्वभूमी कुठल्या कुठे गेली. “निरोप म्हणजे,” ते म्हणाले, “घाबरू नकोस म्हणावं.”

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

“सांगते. ठेवू मग?”

“ठेवा,” नवनाथराव म्हणाले आणि खरंच सावलीला जाऊन बसले. ‘काय तयारीची बाई आहे,’ ते टपरीवाल्याला म्हणाले. ‘आपल्याला थांबवलं, हे माणसाला कळतसुद्धा नाही.’

बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की टेलिफोनवर बाई आधीच बसलेली आहे. म्हणजे जागा भरली. मुलाखती नुसत्या दाखवायला. त्यांच्या डोक्यात तक्रार अर्जाचा विषय आणि संदर्भ तयार झाला, पण मजकूर पुढे सरकेना. त्या बाईचा त्यांना रागच येईना. आणि मायाला हे सांगायचं कसं? उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कसलाही मसुदा सुचत नव्हता. त्यांनी दोन वडापाव बांधून घेतले आणि गेटकडे बघत बसले.

मायाबाई बाहेर आल्या त्या घाम पुसत. नवनाथरावांनी त्यांना सावलीला बसवलं.

“हे बघ माया, मनाला लावून घ्यायचं नाही. जगात नोकऱ्या पुष्कळ आहेत. तिथं टेलिफोनवर आधीच एक बाई बसवलेली आहे. मी स्वतः बोललोय.”

“हो का? कशी हाय बाई?”

“खोटं कशाला सांगू? पहिल्या प्रतीची. समोरच्याचं ऐकून घेते. काय पाहिजे ते अर्ध्या वाक्यात ओळखते. तिच्यापुढं कुणाचाच निभाव लागला नसता.”

“सावलीला बसा म्हणाली का?”

“म्हणाली. तुला कसं...” नवनाथराव थांबले. सतरा वर्षांच्या संसारात बायकोशी फोनवर बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. घरी फोन नव्हता, आणि बूथ हाकेच्या अंतरावर.

“एकेकीला फोनवर बसवून बघत व्हते,” मायाबाई वडापावची पुडी सोडत म्हणाल्या. “माझी पाळी आली आन् पहिलाच फोन तुमचा.”

“मग ओळख द्यायची नाही का?”

“कामावर व्हते ना. निरोप मिळाला मला.” त्यांनी अर्धा वडापाव नवऱ्याच्या हातात दिला. “पहिल्या तारखेपासून या म्हणाल्या मॅडम.”

वडापाव हातात धरून नवनाथराव कंपनीच्या गेटकडे बघत राहिले. मग जरा सावरून त्यांनी विचारलं, “अर्जाबद्दल काही म्हणाल्या का?”

“न्हाई. फोनबद्दल म्हणाल्या. पहिल्याच फोनला असा लांबण लावणारा माणूस आला, आन् तुम्ही जरासुद्धा गडबडला न्हाई, ते कसं काय?”

“मग तू काय सांगितलंस?”

“सवय हाय म्हणलं.”